गथ्रीतलं लग्न

नोव्हेंबर, शनिवार, एकोणीसशे सात.
हेप्सी फिक्सिको रात्रीच्या गाडीनं आली ओकमल्गीहून,
मांडीवर पीकानची पाटी,
रद्दी कागदाच्या पुड्या, तीन सेंटला एक.
गर्दी बघून तिला वाटलं, आज माल खपेल.
खपला.

वाचनालयाच्या पायऱ्यांवर नवरा उभा
पट्टेरी विजारीत, काळ्या कोटात.
म्हणे हा ओक्लाहोमा टेरिटरी.
शेजारी जांभळट रेशमातली नवरी.
म्हणे ही इंडियन टेरिटरी.
नाटकच ते.
पण पाद्री खरा होता, बँड खरा होता,
आणि दूर राजधानीत गरुडाच्या पिसानं झालेली सही
तारेनं आली, तीही खरी.

मुलगा अठरा वर्षांचा, कुणीतरी ओरडून सांगितलं.
खरंच होतं. एका दुपारी
बंदुकीच्या बारासरशी घोडे सुटले,
ज्यानं खुंटी ठोकली त्याची जमीन,
आणि संध्याकाळपर्यंत हे गाव जन्माला आलं
तंबूंसकट, वकिलांसकट.
मुलीचं वय कुणी सांगितलं नाही.

मग नवरीकडून एकजण पुढे झाला, भाषण केलं.
त्याला कुणी पाठवलं
हे हेप्सीला कितीही आठवून आठवेना.

मुलगी दाखवायचा कार्यक्रम तर केव्हाच उरकला होता.
साखळ्या घेऊन मोजणीदार आले होते,
टेबल मांडून कारकून बसले होते:
आईचं नाव? बापाचं? रक्त किती, अर्धं की पाव?
हेप्सीला मिळाला एक नंबर
आणि एकशे साठ एकरांचा कागद.
जे सगळ्यांचं होतं त्यातलंच थोडं
आता तुझं, असं म्हणून दिलं.
कागदावर सही करताना तिनं विचारलं होतं,
नदी कुणाच्या वाट्याला?
कारकून हसला. चांगला पोरगा होता,
त्याला खरोखरच ठाऊक नव्हतं.

तिचा भाऊ नोआ दोन वर्षांपूर्वी
धुतलेला शर्ट घालून मतदानाला गेला होता.
आपलं वेगळं राज्य मागायचं ठरलं होतं.
नावही ठरलं होतं, सिक्वोया,
ज्यानं चेरोकींच्या बोलण्याला अक्षरं दिली त्याचं.
घटना लिहिली, नकाशा छापला,
तालुक्यांच्या सीमा आखल्या,
नोआनं नकाशा चुलीमागच्या भिंतीला चिकटवला.
राजधानीत तो कुणी उघडूनही पाहिला नाही.
पुढं धुरानं काळा पडला.

टाळ्या. पाद्री म्हणाला, आता तुम्ही एक.
टोप्या उडाल्या. एका मुलानं बापाला विचारलं,
आता किती तारे?
सेहेचाळीस, बाप म्हणाला,
आणि बोटं चाटून आणखी एक पुडी मागितली.

पाटीत शेवटची एकच उरली होती.
हेप्सीनं ती उचलली तेव्हा दिसलं,
कागदावर निळी रेघ होती, वळणं घेत जाणारी,
आणि धुराचा वास.
नोआनं रद्दी कुठून आणली होती
हे तिनं विचारलंच नव्हतं.

ती क्षणभर थांबली.
मग पीकान त्याच्या टोपीत ओतले,
कागद घडी करून पदराआड नाही, पदर कुठला तिला,
बुटात सारला.
तीन सेंट घेतले.
प्रत्येक नाण्यावर पिसांचा मुकुट घातलेली एक बाई,
नाक-डोळे मात्र
ज्यांनी टांकसाळ चालवली त्यांच्याचसारखे.
नवरीला परत एकदा पाहावं म्हणून तिनं मान उंचावली.
पायऱ्यांवर आता बारबेक्यूची रांग लागली होती.

परतीच्या गाडीत
कंडक्टरनं तिकिटावरची दोन अक्षरं खोडली,
वर नवीन नाव लिहिलं,
भाडं तेवढंच घेतलं.
बुटातला कागद टाचेला टोचत होता.

ओकमल्गीच्या स्टेशनवर पाटी जुनीच होती.
रंगारी सोमवारी येणार होता.
ती त्या पाटीखाली उतरली,
कंदील आलेला नव्हता,
तरी वाट चुकली नाही.